उंच केलेली जीप आणि हुकचा सांधा

दगडाधोंड्यांच्या वाटेवर पोट घासू नये म्हणून जीपचे काही हौशी मालक गाडीची उंची वाढवून घेतात. जुने पाटे काढून जास्त बाक असलेले पाटे बसवतात, नाहीतर पाटे आणि आस यांच्यामध्ये ठोकळे घालतात. चार इंच उंची मिळाली की मोठी चाकेही मावतात आणि गाडी रुबाबदार दिसू लागते. मग पहिल्याच लांबच्या फेरीत एक नवे दुखणे सुरू होते. ताशी ४० किलोमीटरपर्यंत सगळे ठीक असते. पन्नासच्या पुढे पायाखालचा पत्रा गुणगुणू लागतो आणि साठला गिअरचा दांडा हाताखाली थरथरतो. मिस्त्री चाके बॅलन्स करून देतो, मग प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करून आणतो, शेवटी शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलतो. गुणगुण काही जात नाही, आणि थोड्याच दिवसांत नवा क्रॉसही वाजू लागतो.

खरे तर त्या गाडीत बिघडलेला असा एकही भाग नसतो. बिघडलेले असतात ते कोन. आणि गंमत अशी की, या दुखण्याचे निदान लंडनमध्ये १६७६ साली छापलेल्या एका पुस्तकात आहे. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जीप तर नव्हतीच, साधी वाफेची गाडीही नव्हती. त्याला सौरघड्याळ आखायचे होते.

आधी गाडीखाली काय असते ते पाहू. इंजिन आणि गिअरबॉक्स चासीला पक्के बांधलेले असतात. मागचा आस मात्र पाट्यांवर टेकलेला असल्यामुळे खड्ड्यागणिक वरखाली होतो. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे शक्ती पुढच्या-मागच्या आसांना वाटून देणारी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्यातून निघालेली फिरकी आसाच्या मध्यावरील पिनियनपर्यंत नेण्याचे काम प्रोपेलर शाफ्ट करतो. एक टोक स्थिर आणि दुसरे नाचरे, म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा लागतो. सांधा म्हणजे समोरासमोर धरलेली दोन बेचकी आणि त्यांना काटकोनात जोडणारा क्रॉस. आपल्या बहुतेक पुस्तकांत याबद्दल एकच वाक्य असते: एकमेकांशी कोन करणाऱ्या दोन दंडांमध्ये हा सांधा फिरकी पोचवतो. वाक्य खोटे नाही, पण त्यात निम्मीच गोष्ट आहे. राहिलेल्या अर्ध्या गोष्टीसाठी सुमारे साडेतीनशे वर्षे मागे जावे लागते.

कार्डानो, शॉट आणि हुक

या सांध्याला युरोपात आजही कार्डन सांधा म्हणतात, ते जेरोलामो कार्डानो (१५०१–१५७६) या इटालियन वैद्य-गणितीच्या नावावरून. एकात एक बसवलेल्या, वेगवेगळ्या अक्षांवर झुलणाऱ्या कड्यांविषयी त्याने लिहिले होते. अशा कड्यांत टांगलेली वस्तू, भोवतालचे सगळे हलले तरी, सपाट राहते. जहाजावरचे होकायंत्र असेच टांगतात. ही कडीही त्याची नव्हेत. त्याच्या कितीतरी शतके आधी चीनमध्ये अशी धूपपात्रे होती. शिवाय टांगलेली वस्तू स्थिर ठेवणे आणि एका दंडाची फिरकी दुसऱ्याला देणे ही दोन अगदी निराळी कामे आहेत. तरी नाव चिकटले ते चिकटलेच.

फिरकी पोचवणाऱ्या सांध्याचे वर्णन गास्पार शॉट या जर्मन जेझुइट पाद्र्याने १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नवलाईच्या यंत्रांच्या ग्रंथात सापडते. शॉटने त्यात एक चूक केली. एक दंड एकसारखा फिरवला की दुसराही एकसारखाच फिरतो, असे त्याने लिहिले. ही चूक अगदी स्वाभाविक आहे. पहिल्याचा एक फेरा पुरा झाला की दुसऱ्याचाही बरोबर एक फेरा पुरा होतो, मग शंका यायचे कारण काय? आपणही वर्गात बहुधा हेच गृहीत धरतो.

रॉबर्ट हुकला (१६३५–१७०३) मात्र शंका आली. हुक हा रॉयल सोसायटीचा प्रयोग-व्यवस्थापक. दर बैठकीला नवा प्रयोग करून दाखवणे हे त्याचे काम, आणि १६६६ च्या आगीनंतर लंडन शहराच्या मोजणीचे कामही त्याच्याकडे आले. न्यूटनशी त्याचे जन्माचे वैर होते, त्यामुळे पुढच्या काळात त्याच्या नावावर जरा जास्तच धूळ बसली. १६७४ मध्ये डांझिगच्या हेवेलियस या खगोलवेत्त्याच्या ग्रंथावर त्याने टीकात्मक पुस्तक लिहिले, आणि १६७६ सालचे दुसरे पुस्तक सूर्याकडे निर्धोकपणे पाहण्याच्या दुर्बिणीवर आणि इतर काही उपकरणांवर होते. या लिखाणात सांध्याची चर्चा आहे, आणि ‘युनिव्हर्सल जॉइंट’ हे नावही १६७६ च्या पुस्तकातले आहे. सांधा वाकलेला असताना दुसरा दंड एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो, हे हुकच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी याला दोष म्हटले असते. हुकने ओळखले की, सौरघड्याळाच्या तबकडीवर सावली हुबेहूब अशीच चालते.

सावली आणि सांधा

आडव्या तबकडीच्या सौरघड्याळात काटा पृथ्वीच्या अक्षाला समांतर, म्हणजे ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. सूर्य त्या अक्षाभोवती तासाला १५ अंश या एकसारख्या चालीने फिरताना दिसतो. तबकडी मात्र जमिनीला समांतर असते, म्हणून तिच्यावरच्या तासांच्या रेघा समान अंतरावर पडत नाहीत. लंडनच्या अक्षांशासाठी (साडेएक्कावन्न अंश) हिशेब केला तर दुपारी १२ च्या रेघेपासून १ ची रेघ ११.८ अंशांवर येते, २ ची २४.३ वर, ३ ची ३८ वर, ४ ची ५३.६ वर, ५ ची ७१.१ वर आणि ६ ची बरोबर ९० वर. दुपारी सावली तासाला १२ अंश सरकते आणि संध्याकाळी जवळजवळ १९ अंश. म्हणजे रेंगाळणे आणि धावणे आलेच.

सूत्र असे आहे: रेघेच्या कोनाचा टॅन काढायचा तर सूर्याच्या तासकोनाच्या टॅनला अक्षांशाच्या साइनने गुणायचे. सांध्याचे सूत्र असे: दुसऱ्या दंडाच्या कोनाचा टॅन काढायचा तर पहिल्याच्या कोनाच्या टॅनला दोन दंडांमधील कोनाच्या कोसाइनने गुणायचे. एक दंड ध्रुवाकडे रोखला आणि दुसरा उभा ठेवला की त्यांच्यातील कोन होतो ९० वजा अक्षांश, आणि त्याचा कोसाइन म्हणजेच अक्षांशाचा साइन. दोन्ही सूत्रे एकच झाली! ध्रुवाकडचा दंड १५-१५ अंशांनी फिरवत जावा, दुसऱ्या दंडावरचा दर्शक आपोआप तासांच्या रेघा दाखवत जातो. आकडेमोड नको, कोष्टक नको.

हे लंडनला साधते, कारण तिथे सांध्याला साडेअडतीस अंशच वाकावे लागते. पुण्याच्या साडेअठरा अक्षांशावर तो साडेएकाहत्तर अंश वाकवावा लागला असता, आणि त्याच्या आतच बेचकी एकमेकांवर आपटली असती. हुक आपल्याकडे जन्मता तर ही युक्ती त्याला सुचली असती का, असा एक निरुपयोगी विचार मनात येतो खरा.

असे का होते? एक बांगडी घ्या आणि तिच्यावर समान अंतरावर १२ खुणा करा. सरळ समोरून पाहिली तर खुणा समान अंतरावर दिसतात. बांगडी तिरकी धरली की ती लंबवर्तुळाकार दिसते, आणि त्याच खुणा दोन बाजूंना दाटतात, दोन बाजूंना विरळ होतात. पहिल्या बेचक्यातील क्रॉसची टोके एका वर्तुळात फिरतात. दुसरा दंड त्या वर्तुळाकडे तिरक्या बाजूने ‘पाहतो’. पहिल्याची समान पावले त्याला असमान दिसतात, आणि तो तसाच असमान फिरतो. एका फेऱ्यात दोनदा दाटी आणि दोनदा विरळपणा का, तेही बांगडीच सांगते.

याच गणिताचा तिसरा अवतार आकाशात आहे. सूर्याचा वार्षिक मार्ग विषुववृत्ताशी २३.४ अंशांचा कोन करतो, म्हणून सूर्य आपल्या मार्गावर एकसारखा चालला असता तरी घड्याळाच्या तुलनेत वर्षातून दोनदा पुढे आणि दोनदा मागे पडला असता. हा फरक जास्तीत जास्त सुमारे १० मिनिटांचा होतो. काल-समीकरणातील हा भाग म्हणजे २३.४ अंशांनी वाकलेला, वर्षाला एक फेरा मारणारा सांधाच आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी सायकलचे दोन जुने स्पोक पुरतात. दोन्हींच्या टोकाला तारेचे बेचके करावे, मध्ये खोडरबराचा चौकोनी तुकडा ठेवून चार बाजूंनी चार टाचण्या खोचाव्यात, की सांधा तयार. दोन्ही स्पोक टेबलावर एकमेकांशी ४० अंशांचा कोन करून ठेवावेत, आणि दोन्हींच्या मोकळ्या टोकांना कागदी कोनमापक चिकटवावेत. आपण फिरवणार ते बेचके आरंभी टेबलाला समांतर, आडवे असावे. आता तो स्पोक ४५ अंश फिरवावा. दुसरा साडेबावन्न अंश फिरलेला दिसतो. साडेसात अंशांची आघाडी ओबडधोबड तारेतही चुकत नाही. पहिला ९० पर्यंत नेला की दुसराही ९० वर येतो, आघाडी संपलेली असते. पुढच्या ४५ अंशांत तो मागे पडतो. हा प्रयोग आधी ‘दुसरा किती फिरेल?’ असे विचारून करावा. बहुतेक सगळे शॉटचेच उत्तर देतील, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुसरा सांधा

एकसारखी फिरकीच हवी असेल तर काय करावे, याचे उत्तरही हुकनेच १६८० च्या दशकात दिले. एकाऐवजी दोन सांधे घ्यावेत आणि मध्ये एक दंड ठेवावा. पहिल्याने घातलेला घोळ दुसऱ्याने उलट दिशेने घालावा, म्हणजे शेवटचा दंड पुन्हा एकसारखा फिरतो. मात्र दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत, आणि मधल्या दंडाच्या दोन टोकांची बेचकी एकाच पातळीत हवीत. दुसरी अट मोडली, बेचकी एकमेकांशी काटकोनात बसली, तर घोळ जाण्याऐवजी दुप्पट होतो. प्रोपेलर शाफ्टच्या मध्यावर दोन तुकडे एकमेकांत सरकतात, तिथे दोन्ही तुकड्यांवर बाणाच्या खुणा असतात त्या याचसाठी. शाफ्ट सोडला, धुतला, ग्रीस भरले आणि बाण न पाहता जोडला, की चांगली गाडी थरथरू लागते.

पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे या सांध्याला फारसे मोठे काम मिळाले नाही. १८२० च्या दशकात पोंसले या फ्रेंच गणितीने गोलीय त्रिकोणमितीने त्याच्या गतीचा पक्का हिशेब मांडला. पहिल्या मोटारगाड्या तर साखळीवर चालत. लुई रेनॉने १८९८ मध्ये आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी सांध्यांचा शाफ्ट घातला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकत असलेल्या क्लॅरेन्स स्पायसरला १९०३ मध्ये धूळ आणि चिखल आत जाणार नाही अशा बंदिस्त, वंगणात राहणाऱ्या सांध्याचे पेटंट मिळाले, आणि १९०४ पासून तो ते तयार करू लागला. साखळीचे दिवस भरले. सांध्यातली विषमता या मंडळींनी काढून टाकली नाही. कारखान्यातच कोन इतके लहान आणि सारखे ठेवले की ती कोणाला जाणवू नये. मला वाटते, पुस्तकातून ती गोष्ट गळाली ती याच काळात. जाणवत नाही ते शिकवायचे कशाला?

पुढच्या चाकांना फिरकी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र ती लपेना. वळताना चाक २५-३० अंश वळते. ३० अंशांच्या एकट्या सांध्यात वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा १३ टक्क्यांनी घटतो आणि दोनदा १५ टक्क्यांनी वाढतो. सुकाणू हातात झटके देऊ लागते. १९२० च्या दशकात यावर अनेकांनी डोके चालवले. फ्रान्समध्ये ग्रेगवार आणि फेनाय यांनी ‘ट्रॅक्टा’ सांधा काढला, अमेरिकेत कार्ल वाइस आणि आल्फ्रेड झेपा यांनी पोलादी गोळ्यांचे सांधे काढले. झेपाच्या सांध्यात गोळ्या नेहमी दोन दंडांमधील कोन बरोबर दुभागणाऱ्या पातळीत राहतात. बांगडीच्या भाषेत सांगायचे तर, दोन्ही दंड गोळ्यांच्या वर्तुळाकडे सारख्याच तिरकेपणाने पाहतात, मग घोळ कुठून येणार? १९५९ च्या ब्रिटिश मिनी मोटारीत हा सांधा होता. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांजवळही याच जातीचे सांधे होते. जुन्या गाडीत वळताना ‘कट्‌ कट्‌’ असा आवाज येतो तो त्या गोळ्यांचा.

१९४० मध्ये अमेरिकन लष्कराच्या मागणीवरून बँटम कंपनीने जीपचा पहिला नमुना दिला, पुढे विलीस आणि फोर्ड यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. त्यांच्या पुढच्या आसात समवेगी सांधे होते: बेंडिक्स-वाइस, झेपा, ट्रॅक्टा, ज्याचा पुरवठा होईल तो. प्रोपेलर शाफ्टना मात्र साधे हुकचे सांधेच होते. कोन लहान होते, तेवढे पुरे होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीस जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि ही रचना आपल्या घाटांत आली.

चार इंचांचा हिशेब

जीप ही आखूड गाडी. युद्धकाळातील विलीसच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ८० इंच, म्हणजे दोन मीटर. तेवढ्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस बसवल्यावर मागच्या शाफ्टला जागा उरते ती थोडीच. हिशेबासाठी शाफ्ट ५० सेंटीमीटरचा धरू, आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत ६ सेंटीमीटरचा फरक मानू. शाफ्टचा कोन होतो सुमारे ७ अंश. आता गाडी १० सेंटीमीटरने, म्हणजे चार इंचांनी, उचलली. चासीबरोबर शाफ्टचे वरचे टोक वर गेले, फरक १६ सेंटीमीटर झाला आणि कोन जवळजवळ १९ अंश. विषमता कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७ अंशांना सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगांतील फरक दीड टक्का होता, तो १९ अंशांना ११ टक्क्यांच्या घरात जातो. चार इंचांत सातपट! हेच लांब मालट्रकच्या दीड मीटरच्या शाफ्टला केले तर कोन सव्वादोन अंशांवरून सहावर जातो. म्हणून ट्रकवाल्याला जे पचते ते जीपवाल्याला पचत नाही.

इथे कोणी म्हणेल, दोन्ही कोन सारखेच वाढले ना? मग हुकच्या युक्तीप्रमाणे घोळ मिटायला हवा. मिटतो, पण फक्त टोकांना. ट्रान्सफर केस एकसारखी फिरते, पिनियनही एकसारखे फिरते. मधला शाफ्ट मात्र प्रत्येक फेऱ्यात दोनदा धावतो आणि दोनदा रेंगाळतो. तो काही वजनाने हलका नाही. त्याला सतत ढकलावे आणि आवरावे लागते, आणि तो सगळा मार क्रॉसच्या सुयांच्या बेअरिंगांवर बसतो. विलीससारख्या गाडीत ताशी ६० किलोमीटरला शाफ्ट सेकंदाला ३६-३७ फेरे घेतो, म्हणजे हे ढकलणे-आवरणे सेकंदाला सत्तरहून अधिक वेळा होते. पत्र्याची खर्जातली गुणगुण ती हीच. शाफ्टचे वजन एका बाजूला जास्त असेल तर फेऱ्याला एकच धक्का बसतो, कोनामुळे दोन. म्हणजे कोनाचा आवाज बरोबर एका सप्तकाने चढा असतो. कान तयार असलेल्या मिस्त्रीला एवढ्यावरून निदान करता यावे.

कोन सारखे राहिले नाहीत तर दुखणे आणखी वाढते. पुष्कळदा स्वस्तात उंची मिळवण्यासाठी पाट्याच्या मागच्या टोकाची झुलती कडी तेवढी लांब करतात. पाट्याचे पुढचे टोक जागेवर राहते, मागचे खाली जाते. सव्वा मीटरच्या आतल्या पाट्याला पाच सेंटीमीटर लांब कडी लावली की सगळा आस साधारण अडीच अंशांनी वळतो आणि पिनियनचे तोंड वर होते. समजा एक कोन १० अंश आणि दुसरा साडेसात झाला. फरक अडीच अंशांचा दिसतो, पण उरणारा घोळ साडेसहा अंशांच्या एकट्या सांध्याइतका असतो, कारण इथे वजाबाकी होते ती कोनांच्या वर्गांची. पायथागोरसच्या त्रिकोणात १० कर्ण आणि साडेसात एक बाजू धरली की दुसरी बाजू येते तीच ही.

उपाय तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. आस आणि पाटे यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून पिनियन हव्या त्या कोनात वळवता येते. कडी लांब केल्याने बिघडलेली समांतरता अशी परत मिळते. ट्रान्सफर केस ज्या आडव्या तुळईवर बसते ती खाली घेतली तर दोन्ही कोन लहान होतात. पण ज्या पोटाला दगड लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच पोट पुन्हा खाली येते. तिसरा उपाय सर्वांत देखणा. शाफ्टच्या वरच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉस जवळजवळ बसवलेला जोडसांधा घालायचा, म्हणजे हुकची दोन सांध्यांची युक्ती एका मुठीत मावते. कोन दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो, आणि शाफ्ट एकसारखा फिरू लागतो. मग खालच्या साध्या सांध्यात कोन उरता कामा नये, म्हणून पाचर घालून पिनियनचे तोंड सरळ शाफ्टकडे रोखायचे. अगदी सरळ नव्हे, एक-दोन अंश खाली. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे थोडे पिळवटतात आणि पिनियनचे तोंड तेवढे आपोआप वर येते.

अमेरिकेत १९९६ मध्ये आलेल्या गुंडाळी स्प्रिंगांच्या जीप रँग्लरवर हेच घडले. तिच्या ट्रान्सफर केसला मागे लांब शेपटी होती, शाफ्ट त्या शेपटीत आतबाहेर सरकत असे. शेपटीने जागा खाल्ल्यामुळे शाफ्ट अगदी आखूड राहिला, आणि थोडी उंची वाढवली तरी गाडी थरथरू लागे. हौशी लोकांनी शेपटी कापून तिथे पक्के बेचके बसवले, आणि वाचलेल्या जागेत जोडसांध्याचा लांब शाफ्ट घातला. २००३ च्या रुबिकॉन या प्रकारात कंपनीनेच मागे पक्के बेचके दिले.

पुढच्या आसाला पाचर घालताना मात्र दोनदा विचार करावा लागतो. चाक ज्या खुंट्यांभोवती वळते त्या वरच्या बाजूला किंचित मागे कललेल्या असतात. सायकलचा पुढचा चिमटा असाच कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाऊ पाहते. जीपच्या पुढच्या आसात पिनियन आणि या खुंट्या एकाच ओतीव-पोलादी अंगाचे भाग आहेत. पिनियनचे तोंड शाफ्टकडे वर वळवले की खुंट्यांचा कल कमी होतो, आणि गाडी वेगात भटकू लागते. गुणगुण गेली आणि सुकाणू सैल झाले, तर सौदा महागात पडला. अशा वेळी शाफ्टचा थोडा कोन सोसावा आणि कल सांभाळावा, असे माझे मत आहे. रस्त्यावर पुढचा शाफ्ट बहुधा जोडलेला नसतोच.

पाट्यांचे मूळही त्या पुस्तकाशी पोचते, हे सांगायचे राहिले. १६७६ च्या त्याच पुस्तकाच्या शेवटी हुकने स्प्रिंगांविषयीचा आपला नियम अक्षरे वर्णक्रमाने उलटसुलट लावून, कोड्याच्या रूपात छापला, आणि उत्तर १६७८ मध्ये दिले. ताण जेवढा वाढेल तेवढ्या प्रमाणात बल वाढते, हा तो नियम. जीप ज्यावर टेकते आणि जिच्यातून फिरते त्या दोन्ही गोष्टी एकाच जिल्दीत आहेत. खेड्यापाड्यांत वडाप करणाऱ्या जीपला जादा माणसे घेता यावीत म्हणून मागे एखादा पाटा वाढवतात, तिथे दोन्ही एकदम कामाला येतात. पाटा वाढला की त्याच वजनाला कमान कमी बसते. भरलेली गाडी ठीक चालते, रिकामी परतताना मागून उंच होते, शाफ्टचा कोन वाढतो आणि ती गुणगुणू लागते. भरल्यावर आवाज जातो म्हणून कोणी तिकडे लक्ष देत नाही.

लक्ष द्यायला हवे, कारण जुन्या विलीस पद्धतीच्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, शाफ्टच्या तोंडाशी असतो. शाफ्ट शाबूत असेल तोवर तो मागच्या चाकांना धरतो. घाटात क्रॉस तुटून शाफ्ट खाली पडला, तर हातब्रेक एका मोकळ्या दांड्याला घट्ट धरून बसतो, आणि मागच्या चाकांवरचा इंजिनाचा आवरही त्याच क्षणी जातो. उरतो तो एकटा पायाचा ब्रेक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई आहे, ती पुष्कळांना सरकारी कटकट वाटते.

स्टँडवर जीप उभी असेल, तर ड्रायव्हरला विचारून मुलांना जरा वाकून खाली पाहू द्यावे. शाफ्टवरचे दोन बाण एकमेकांसमोर आहेत का, एवढे त्यांना नक्की सांगता येईल. ओळंबा लावलेला कोनमापक बरोबर नेला तर ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि पिनियन या तिघांचे कोनही मोजता येतील. गाडी सपाट जागी असावी, इंजिन बंद असावे, आणि चाकांना पुढून-मागून दगड लावलेले असावेत.